चार शहरं, एक हायवे आणि नंबर वनचा फंडा

२,१५,००६. २,००,७३३. २,००,६०३. १,८७,०४१.

घाबरू नका, ही कुठल्या कॅम्पस इंटरव्ह्यूची ॲप्टिट्यूड टेस्ट नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातली ही चार सगळ्यात मोठी शहरं, २०२० च्या जनगणनेतली. अनुक्रमे हंट्सव्हिल, बर्मिंगहॅम, माँटगोमेरी आणि मोबील. (हो, मोबील. स्पेलिंग फोनचंच, पण तसं म्हणालात तर लोक हसतात.)

दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात फरक किती? १३० माणसं. आपल्याकडे लग्नात एका पंगतीला एवढी उठतात! आणि आकडे तरी केवढे? आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ सालीच पाच लाखांवर माणसं होती. म्हणजे या चारही शहरांना आपण फार तर 'मोठं तालुक्याचं गाव' म्हणू. पण तिथे या आकड्यांवरून जाम राडा झाला. कारण १९१० पासून राज्यातलं नंबर वन शहर म्हणजे बर्मिंगहॅम, हे ठरलेलं होतं. आणि त्याला मागे टाकलं ते कुणी? १९५० साली ज्याची लोकसंख्या फक्त १६,४३७ होती, त्या हंट्सव्हिलने.

गंमत म्हणजे ही चारही शहरं एकाच हायवेच्या आधारावर आहेत. आय-६५. उत्तरेकडून सुरुवात केली तर हंट्सव्हिल किंचित बाजूला, मग बर्मिंगहॅम, मग माँटगोमेरी, आणि जिथे हायवे संपतो तिथे, समुद्राजवळ, मोबील. माझा मावसभाऊ हंट्सव्हिलला असतो. मार्चमध्ये त्याच्याकडे गेले आणि ठरवलं, चला, वरपासून खालपर्यंत जाऊन बघू या कोण वाढतंय, कोण आटतंय आणि का.

रॉकेटवालं गाव

हंट्सव्हिलमध्ये शिरताना गाव आधी दिसत नाही, रॉकेट दिसतं. सॅटर्न-५ ची उभी प्रतिकृती, हायवेवरून लांबूनच. शेजारच्या म्युझियममध्ये खरं सॅटर्न-५ आडवं ठेवलंय. त्याच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला लागलं की ३६३ फूट म्हणजे काय ते कळतं. ज्या रॉकेटने माणूस चंद्रावर गेला ते डिझाइन झालं या गावात!

त्याआधी हे गाव कशासाठी प्रसिद्ध होतं माहितेय? कापसासाठी, आणि पाण्यात उगवणाऱ्या वॉटरक्रेस नावाच्या पालेभाजीसाठी. १९४१ मध्ये लष्कराने इथे रेडस्टोन आर्सेनल हा दारूगोळ्याचा कारखाना काढला. युद्ध संपलं, कारखाना ओस पडला. मग १९५० मध्ये टेक्सासहून वेर्नर फॉन ब्राउन आणि त्याचे शंभरावर जर्मन सहकारी इथे आले. हिटलरसाठी व्ही-२ क्षेपणास्त्रं बनवणारा हाच तो फॉन ब्राउन. ती क्षेपणास्त्रं छळछावणीतल्या कैद्यांना राबवून बनवली जात होती, हे गावाला माहीत आहे. तरी गावातलं मोठं सभागृह त्याच्याच नावाचं आहे. १९६० मध्ये नासाचं मार्शल सेंटर आलं आणि पुढच्याच जनगणनेत, १९७० साली, गाव १ लाख ३९ हजारांवर गेलं. वीस वर्षांत आठपटीहून जास्त!

आज रेडस्टोनवर लष्कर आहे, नासा आहे, एफबीआय आहे. गावात मोठं रिसर्च पार्क आहे आणि २०२१ पासून माझदा-टोयोटाचा कारखानाही. जुन्या लो मिल या कापड गिरणीत चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. लोअर परळमध्ये गिरण्यांचं काय झालं ते आठवून मला इथे उगाचच बरं वाटलं. संध्याकाळी बिग स्प्रिंग पार्कमध्ये बदकांना खाऊ घालणारी तरुण जोडपी, कुत्री, स्ट्रोलर्स... सगळं कसं ब्रोशरमधल्यासारखं.

पण हे सगळं वॉशिंग्टनच्या खिशातून चालतं. स्पेस कमांडच्या मुख्यालयाचंच बघा. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालं, हंट्सव्हिलला येणार. जुलै २०२३ मध्ये बायडेन म्हणाले, नाही, कोलोरॅडोतच राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प म्हणाले, हंट्सव्हिललाच! आपल्याकडे 'मेट्रो आपल्या गल्लीतून जाणार' म्हटल्यावर फ्लॅटचे भाव जसे हलतात, तसं तिथे घरांच्या बाबतीत लोक दर निवडणुकीला टीव्हीकडे डोळे लावून बसतात.

आणि नंबर वनचं दुसरं गुपित नकाशात आहे. हे शहर सतत शेजारची जमीन हद्दीत घेत आलंय. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माझदा-टोयोटाचा कारखाना शेजारच्या लाइमस्टोन काउंटीत आहे, पण हंट्सव्हिलच्या हद्दीत. १९५० मध्ये जेमतेम चार चौरस मैलांचं गाव आज दोनशे चौरस मैलांच्या वर गेलंय. पुण्यात २०२१ मध्ये २३ गावं समाविष्ट झाल्यावर महापालिकेचं क्षेत्रफळ ५१८ चौरस किलोमीटर झालं. हंट्सव्हिल साधारण तेवढंच आहे, फक्त माणसं पुण्याच्या कितीतरी कमी.

'घर नंतर, आधी शाळा'

दादा-वहिनी सध्या घर शोधताहेत. भाड्याचं अपार्टमेंट हंट्सव्हिलमध्ये. मुलगी चार वर्षांची. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, त्यावर घरांची साइट आणि शेजारी शाळांच्या हद्दीचा नकाशा. मला आधी वाटलं, वहिनी काहीतरी ऑफिसचं काम करतेय.

''अगं, इथे घर नंतर बघायचं, आधी शाळा बघायची,'' ती म्हणाली.

तिचं बोट मॅडिसनवर होतं. मॅडिसन हे वेगळं शहर, जवळजवळ सगळ्या बाजूंनी हंट्सव्हिलने वेढलेलं. गाडीतून जाताना कधी एक संपलं आणि दुसरं सुरू झालं कळतसुद्धा नाही. १९८० मध्ये चार हजारांची वस्ती, २०२० मध्ये ५६,९३३. कारण? मॅडिसनची शाळाव्यवस्था स्वतंत्र आहे आणि तिचं नाव चांगलं आहे. दादाच्या ओळखीतली बहुतेक देसी कुटुंबं तिथेच. गणपती तिथे, मराठी बोलणारी मुलं तिथे, संध्याकाळी डबा घेऊन येणाऱ्या काकू तिथे.

अमेरिकेत सरकारी शाळेला पैसा बराचसा स्थानिक करातून मिळतो आणि मूल कुठल्या शाळेत जाणार ते पत्त्यावर ठरतं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. अलाबामाची खासियत अशी, की पाच हजार वस्ती झाली की शहराला स्वतःची वेगळी शाळाव्यवस्था काढता येते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा प्रवास याच आकड्याभोवती फिरतो.

''हंट्सव्हिलच्या शाळांत वाईट काय आहे?'' मी विचारलं.

''वाईट असं नाही गं,'' दादा म्हणाला, ''पण सगळे म्हणतात...''

सगळे म्हणतात. दादरपासून डेट्रॉइटपर्यंत रिअल इस्टेट याच दोन शब्दांवर चालतं. हंट्सव्हिलच्या शाळांचा एक इतिहास आहे. ९ सप्टेंबर १९६३ रोजी सनी हियरफर्ड चौथा हा सहा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा वडिलांचा हात धरून इथल्या फिफ्थ ॲव्हेन्यू स्कूलमध्ये गेला आणि अलाबामातली पहिली सरकारी शाळा 'मिश्र' झाली. ज्या खटल्यामुळे हे झालं, तो त्याच्या वडिलांच्या नावाचा खटला इतका लांबला की २०१५ मध्येसुद्धा कोर्ट त्यात नवा आदेश मंजूर करत होतं. तोपर्यंत गावाच्या पलीकडे मॅडिसन उभं राहिलं होतं. वहिनीने हा इतिहास ऐकलेला नव्हता. ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''तरी मला तिला चांगल्याच शाळेत घालायचंय.'' यावर मी काय बोलणार? तिच्या जागी मी असते तर मीही तोच नकाशा उघडून बसले असते.

लोखंडी देवाची पाठ

बर्मिंगहॅम साधारण १६० किलोमीटर. वाटेत डिकेटरला थांबून चिकन खाल्लं. या भागात बार्बेक्यूला पांढरा सॉस लावतात. मेयोनीज, व्हिनेगर, भरपूर मिरी. ऐकायला विचित्र, खायला भन्नाट.

बर्मिंगहॅमच्या थोडं आधी हायवेवरच गार्डनडेल लागतं. या उपनगराने पाच हजारांचा तोच कायदा वापरून जिल्ह्याच्या शाळांतून वेगळं व्हायचं ठरवलं होतं. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये फेडरल अपील कोर्टाने त्यांना थांबवलं. यामागे वंशभेदाचा हेतू आहे, असं कोर्टाने सरळ म्हटलं. गार्डनडेलला अडवलं गेलं ते उशीर झाल्यामुळे. कारण बर्मिंगहॅमच्या दुसऱ्या बाजूची उपनगरं हे कधीच करून बसली होती.

ही दुसरी बाजू कळायला रेड माउंटनवर जायचं. वर व्हल्कनचा पुतळा आहे. लोहारांचा रोमन देव, ५६ फुटी, बिडाच्या लोखंडाचा. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बर्मिंगहॅमने तो ओतला, 'बघा आमच्याकडे काय आहे' म्हणून. आणि खरंच होतं. लोहखनिज, कोळसा, चुनखडी, तिन्ही एकाच जागी. १८७१ मध्ये दोन रेल्वेमार्गांच्या छेदावर शहर वसवलं आणि ते इतक्या वेगात वाढलं की नावच पडलं, मॅजिक सिटी.

व्हल्कनने पुढून एप्रन घातलाय, मागून काहीच नाही. तोंड जुन्या शहराकडे, आणि उघडी पाठ (पाठच म्हणू या!) होमवूड या उपनगराकडे. तिकडच्या लोकांचा हा लाडका जोक आहे. मी गच्चीवर उभी राहून दोन्हीकडे बघितलं. समोर भट्ट्या, रेल्वे, हॉस्पिटलच्या इमारती. मागे डोंगरापलीकडे झाडीत लपलेली घरं : होमवूड, माउंटन ब्रूक, व्हेस्टाव्हिया हिल्स, हूवर. प्रत्येकाची वेगळी नगरपालिका, वेगळी शाळाव्यवस्था.

आता आकडे बघा. १९५० मध्ये बर्मिंगहॅम ३ लाख २६ हजार, शेजारच्या राज्यातलं अटलांटा ३ लाख ३१ हजार. जवळजवळ बरोबरी! १९६० मध्ये बर्मिंगहॅम ३,४०,८८७. तो कळस. तिथून सलग उतार, २०२० मध्ये २,००,७३३. पण गंमत अशी, की आजूबाजूच्या सगळ्या उपनगरांसकट मोजलं तर २०२० मध्ये बर्मिंगहॅम परिसरात ११ लाख माणसं होती आणि हंट्सव्हिल परिसरात ५ लाखांना थोडी कमी. म्हणजे माणसं कुठे गेलीच नाहीत. डोंगर ओलांडून पलीकडे राहायला गेली आणि मागे दार लावून घेतलं. शहरात आज दहातली जवळपास सात माणसं कृष्णवर्णीय आहेत. माउंटन ब्रूकमध्ये दहातली नऊहून जास्त गोरी.

पोलादाचा धंदा बसला हेही कारण आहेच. स्लॉस फर्नेसेस ही भट्टी १९७१ मध्ये बंद झाली. आता ते म्युझियम आहे. गंजलेले पाइप, त्यावर वेली, फोटोग्राफर्सची चंगळ. पण नुसता धंदा बसून असं होत नाही. ते कळायला केली इन्ग्रॅम पार्कमध्ये जावं लागतं. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलं मोर्चा घेऊन इथे आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. तिथली पायवाट अशी केलीय की दोन्ही बाजूंनी धातूची कुत्री दात काढून तुमच्या अंगावर येतात. मधून चालताना मी खरंच बॅग छातीशी धरली. समोरच सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, बॉम्बस्फोट. चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा.

हंट्सव्हिलमध्ये छोटा सनी शाळेत गेला त्याला तेव्हा फक्त सहा दिवस झाले होते. एकच राज्य, मध्ये दोन तासांचंही अंतर नाही. एका गावात फेडरल सरकारचा पैसा येत होता, त्याला असली बदनामी परवडणारी नव्हती. दुसऱ्याच्या नावाला ती कायमची चिकटली.

अर्थात बर्मिंगहॅम काही संपलेलं शहर नाही. राज्यातला सगळ्यात मोठा एम्प्लॉयर म्हणजे इथलं विद्यापीठ आणि त्याचं हॉस्पिटल. २०१० मध्ये रुळांशेजारी रेलरोड पार्क झालं, २०१३ मध्ये बॅरन्स ही बेसबॉल टीम हूवरहून पुन्हा शहरात आली. (१९९४ मध्ये याच टीमकडून खुद्द मायकेल जॉर्डन खेळला होता, बास्केटबॉल सोडून!) मला विचाराल तर चारही शहरांत राहावंसं वाटलं ते इथेच. खायला मिळतं, चालायला फुटपाथ आहे, आणि जुन्या इमारतींना चेहरा आहे. पण २०२४ मध्ये बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ चं कॉलेज पैशाअभावी बंद पडलं.

राजधानी

माँटगोमेरीत मी एकच दिवस होते. सरकारी गाव, रविवारी तर रस्त्यांवर सन्नाटा. ह्युंडाईचा कारखाना २००५ पासून इथे आहे (हीच कंपनी आता आपल्या तळेगावातही आलीय). तरी वस्ती किंचित घटतेय, २०१० मध्ये २ लाख ५ हजार होती. का? पूर्वेला पाइक रोड नावाचं गाव आहे. दहा वर्षांत पाच हजारांवरून नऊ हजारांवर गेलं. पाच हजारांचा आकडा लक्षात आहे ना? २०१५ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा उघडली.

एवढ्या शांत गावात गर्दी दिसली ती एकाच ठिकाणी. टेकडीवर २०१८ मध्ये उघडलेलं स्मारक आहे, झुंडीने मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचं. गंजक्या रंगाचे आठशेहून जास्त पोलादी खांब, एकेका काउंटीसाठी एक, त्यावर नावं आणि तारखा. सुरुवातीला ते तुमच्या समोर असतात. जमीन उतरत जाते, खांब तसेच राहतात, आणि शेवटी ते डोक्यावर टांगलेले दिसतात. तिथे कुणी सेल्फी काढत नव्हतं.

खाली गावात डेक्स्टर ॲव्हेन्यूवर विटांचं छोटं चर्च आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ पासून इथे पास्टर होते. रोझा पार्क्सनंतरचा ३८१ दिवसांचा बसवरचा बहिष्कार इथूनच चालला. तो जिंकल्यावर १९५९ मध्ये किंग भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनलाही गेले होते. गावदेवीच्या त्या गल्लीवरून मी कॉलेजात असताना रोज जात होते. आत एकदाही गेले नाही, ते सोडा.

हायवे संपतो तिथे

माँटगोमेरी ते मोबील, पावणेतीनशे किलोमीटर पाइनची झाडं. बाकी काही नाही. मग एकदम दमट हवा, ओकच्या फांद्यांवर लोंबणारं शेवाळ आणि मार्च असल्यामुळे जागोजागी गुलाबी अझेलिया. १७०२ मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं हे गाव. अमेरिकेतला मार्डी ग्रा पहिल्यांदा न्यू ऑर्लिन्समध्ये नव्हे, आमच्याकडे झाला, हे इथे तुम्हाला टॅक्सीवालासुद्धा ऐकवेल. १९६४ मध्ये इथला हवाई तळ बंद करायची घोषणा झाली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्याच जागेवर २०१५ पासून एअरबसची विमानं जोडली जातात. बसायला यायचं असेल तर इथली कोळंबी खा, बाकी गप्पा नंतर.

आता त्या सुरुवातीच्या यादीचं काय झालं ते सांगते. मोबील चौथं होतं. १८ जुलै २०२३ रोजी पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये मतदान झालं, 'तुम्हाला शहरात यायचंय का?' मत देणारे फक्त त्या वस्त्यांमधले लोक. बहुतेकांनी हो म्हटलं. एका रात्रीत १९ हजारांच्या आसपास माणसं वाढली आणि मोबील २ लाख ४ हजारांवर जाऊन दुसऱ्या नंबरावर बसलं. बर्मिंगहॅम आणि माँटगोमेरी, दोघंही तोपर्यंत दोन लाखांच्या खाली घसरली होती. एक घर नवीन बांधलं नाही, एक ट्रक सामान हललं नाही! मेयर म्हणत होते, दोन लाख ओलांडले की फेडरल निधी मिळणं सोपं जातं. विरोधक म्हणत होते, शहरात कृष्णवर्णीय मतदारांचं जेमतेम बहुमत आहे, ते यामुळे पातळ होईल. दोन्ही बाजू खऱ्याच होत्या.

माझा एक अंदाज आहे. त्या लोकांनी 'हो' इतक्या सहज म्हटलं, कारण मोबीलच्या शाळा शहराच्या नाहीत, अख्ख्या काउंटीच्या आहेत. शहरात या नाहीतर बाहेर राहा, मुलांची शाळा तीच! बर्मिंगहॅमच्या डोंगरापलीकडे असं विचारून बघा.

शेवटच्या दिवशी मी एअरपोर्ट बुलेव्हार्डने पश्चिमेकडे गेले, म्हटलं जुनी हद्द कुठे होती ते बघू. मॉल, टायरचं दुकान, चर्च, पुन्हा मॉल, पुन्हा टायरचं दुकान. पेट्रोल पंपावरच्या बाईंना विचारलं, ''हे मोबीलच ना?'' त्यांनी पावती फाडली, थोडा विचार केला. ''आता हो,'' म्हणाल्या.